मुकादमाचं 'हं'

माझ्या भाऊजींच्या कॉम्प्युटरवरच्या लढाईत मी एक शिपाई आहे. नाव 'मेव्हणी', काम टेहळणीचं. पहिल्या काही मोहिमा मी अगदी गुणी मुलीसारखी वागले. मग एका पडक्या कारखान्यात माझ्यावर गोळीबार झाला, डोक्यावरची ताणाची लाल पट्टी काठोकाठ भरली, आणि खेळाने माझ्या नावापुढे एक दुर्गुण कायमचा चिकटवून टाकला. 'संशयी. शेजारी उभ्या असलेल्या साथीदारांचा ताण वाढवते.'

"हे तुम्ही लिहिलंत," मी भाऊजींना म्हणाले.

"शपथ घेतो. खेळ आपणहून देतो."

"एवढे दुर्गुण पडलेत आणि माझ्या वाट्याला नेमका हाच आला?"

"खेळ बनवणाऱ्यांनी अभ्यास केलेला दिसतोय," भाऊजी म्हणाले. आतल्या खोलीत ताई इस्त्री करत होती. ती इतकी हसली की तिला इस्त्री उभी करून ठेवावी लागली.

आता संशयाचं म्हणाल तर तो माझा दुर्गुण नाही, पोटाचा धंदा आहे. मी विमा कंपनीत दावे तपासते. एखादा म्हणतो, जिन्यावरून पडलो. मी विचारते, कुठल्या पायरीवरून, पायात काय होतं, आणि एवढं गडगडूनही खिशातला चष्मा शाबूत कसा? माणसं चिडतात. चिडू देत. खरं बोलणारा चिडतो तसा खोटं बोलणाराही चिडतो. फरक एवढाच की खरं बोलणारा चिडून का होईना, चष्म्याचं उत्तर देतो.

भाऊजींचं आणि माझं जमतं ते याच कारणाने. तेही मुळात संशयी. घरसामान हलवणाऱ्या टोळीचे ते मुकादम. गिऱ्हाईक म्हणतं, कपाट रिकामं आहे. भाऊजी आधी कपाटाला एक बुक्की मारून आवाज ऐकतात. गिऱ्हाईक म्हणतं, लिफ्ट आहे. भाऊजी विचारतात, आहे की चालते? अंगाने रुंद, मान जवळजवळ नाहीच, आणि आवाज मात्र एखाद्या ग्रंथपालासारखा हळू. जिन्यावर ओरडणाऱ्या मुकादमावर त्यांचा विश्वास नाही. ओरडणारा घाबरलेला असतो, असं त्यांचं मत.

टोळी चौघांची. भाऊजी, पैलवान, जावई आणि ड्रायव्हर. पैलवान म्हणजे काडीपैलवान. फुंकर मारली तर उडेल असा दिसतो आणि पाठीवर फ्रिज घेऊन तीन मजले उतरतो. जावई कामावरही कडक इस्त्रीचा शर्ट घालून येतो, म्हणून जावई. ड्रायव्हर ट्रक चालवतो, त्याला कोणी टोपणनाव द्यायच्या फंदात पडलं नाही.

या टोळीची एक रीत आहे. फार पूर्वी यांच्यातल्या एकाच्या पायावर शिवणयंत्र पडलं, तेव्हापासूनची. कुठलंही जड सामान उचलण्याआधी भाऊजी हळूच विचारतात, "कसं?" आणि ज्याने ज्याने हात लावलाय त्याने एकेकाने म्हणायचं, "हं." बस एवढंच. कोणाचा 'हं' उशिरा आला, बारीक आला, नाकातून आला, तर भाऊजी सामान उचलू देत नाहीत. का, काय, कोणाला विचारत नाहीत. "जरा पाणी पिऊ," म्हणतात आणि माणूस बदलतात. मी स्वतः पाहिलंय, जावयाचा 'हं' एकदा नुसता घोगरा आला तर त्याला ट्रकमध्ये बसवलं होतं. संध्याकाळी कळलं की सकाळपासून त्याच्या अंगात ताप होता. आणि रीतीतला दुसरा नियम असा, की दुसऱ्याचा 'हं' आपण म्हणायचा नाही. "याला जमेल" किंवा "याला जमणार नाही" असं कोणी कोणाबद्दल बोलायचं नाही. ज्याचं त्याने.

अशा माणसाला डावपेचाचा खेळ आवडला यात नवल नाही. कॉम्प्युटरवरचा हा खेळ ते वर्षानुवर्षं खेळत आलेत. चार शिपायांची तुकडी, चौकटी आखलेलं मैदान, आधी तुमची चाल, मग शत्रूची. भाऊजी हनुवटीवर हात ठेवून बसायचे आणि एकेका चालीला इतका वेळ लावायचे की ताई म्हणायची, "शत्रूसुद्धा जेवून आला असेल." तुकडीला नावं घरची आणि टोळीची. मुकादम, पैलवान, जावई, मी टेहळणीला, आणि ताई डॉक्टरीण. ताईला मात्र ते कायम छावणीत ठेवत. "तिकडे तरी मला कुठे नेत नाहीत," ही तिची तक्रार.

मग या खेळाचा नवा भाग आला आणि त्यात ताण आला.

म्हणजे असं, की आता प्रत्येक शिपायाच्या डोक्यावर एक लाल पट्टी. गोळ्या सुटल्या की ती भरते. साथीदार पडला, अंधार झाला, जखम झाली, की भरते. पूर्ण भरली की शिपाई डगमगतो. मग तो पळतो, नाहीतर थिजून उभा राहतो, नाहीतर तुम्ही उजवीकडे म्हणाल तर डावीकडे जातो. डगमगल्याबरोबर तुम्हाला एक क्षण मिळतो. कीबोर्डच्या डाव्या कडेची दोन बटणं एकदम दाबून धरायची आणि माउसने त्या शिपायावर टिचकी मारायची. त्याला 'सावर' म्हणतात. वेळेत जमलं तर गडी सावरतो.

भाऊजींना हे पहिल्या दिवसापासून पटलं नाही. दर रविवारी दुपारी पैलवान यायचा, त्याच्या घरीही हाच खेळ होता, आणि दोघांची जुंपायची. मी चहा घेऊन कोपऱ्यात. घरात दुसरं काही बघण्यासारखं नसायचं.

"सत्यानाश केला खेळाचा," भाऊजी म्हणायचे. "आधी हरलो तर चूक माझी. कुठे चुकलो ते शोधायचं, सापडायचं, पुढच्या वेळी नाही करायचं. आता हरलो तर काय, तर म्हणे हा घाबरला. माझी चाल बरोबर होती की नाही?"

"होती."

"मग?"

"तो घाबरला ना पण," पैलवान शांतपणे म्हणायचा. "आधी ती प्यादी होती, मुकादम. उभं कर म्हणाल तिथे उभी. मेली तरी मला काही वाटायचं नाही. आता जावयाची पट्टी अर्ध्यावर आली की मला काळजी वाटते. मी त्याला आडोशाला घेतो, दुसऱ्याला पुढे करतो. अहो, आपण रोज हेच करतो."

"आपण पट्टी बघून करतो का? कोणाच्या डोक्यावर पट्टी असते? तुझ्या आहे? ती असती तर मुकादम लागला असता कशाला? कानाने ओळखायची गोष्ट आहे ती. यांनी तिचा थर्मामीटर केला. आणि डोक्याच्या खेळात बोटांची घाई कशाला? सावर म्हणे! मी दाबतो, तरी सावरत नाही. लबाड आहे खेळ. मुद्दाम हरवतो, म्हणजे आपण परत परत खेळत बसू."

"माझा सावरतो," पैलवान म्हणायचा.

"तुझ्या कॉम्प्युटरवर सावरत असेल."

खरं सांगू, वाद म्हणून मला दोघांचंही पटायचं. पट्टी दिसली म्हणजे माणूस कळला असं नाही, हे भाऊजींचं बरोबर होतं. आणि ज्याला काही होतच नाही अशा शिपायाची काळजी कोण करणार, हे पैलवानाचंही खोटं नव्हतं. पण माझं लक्ष वादात नव्हतं. माझं लक्ष भाऊजींवर होतं. इतकी वर्षं एका चालीला अर्धा तास लावणारा माणूस हल्ली टेबलावर हात आपटत होता.

एका रविवारी त्यांच्या तुकडीतला 'मुकादम' डगमगला. भाऊजींनी 'सावर' केलं. मुकादमाने बंदूक टाकली आणि शत्रूच्या दिशेने पळत सुटला. भाऊजींनी आधी साठवलेल्या जागेवरून खेळ पुन्हा सुरू केला. पुन्हा पट्टी भरली, पुन्हा मुकादम पळाला. तिसऱ्यांदा तेच.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणाले.

माझ्या हलक्या चेष्टेलाही या घरात सगळे हसतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही. पैलवान छताकडे बघायला लागला. ताई आतून आली आणि अर्धा चहा शिल्लक असलेला भाऊजींचा कप उचलून घेऊन गेली. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. छतावर तर काहीच नव्हतं.

त्यानंतर मी डोळ्यात तेल घालून बघायला लागले. आधी वाटलं, बाहेर काही भानगड आहे. भाऊजींचा कोट खुंटीवरून काढून हुंगला; घाम, दोर आणि पेपरमिंट. मग वाटलं, पितात. पण पिणारा माणूस पेपरमिंट लपवून खातो, हे उघड खात होते. मग वाटलं, टोळी मोडतेय आणि सांगत नाहीयेत. जावयाला रस्त्यात गाठून विचारलं, तर तो म्हणाला, "मुकादम म्हणतील तसं," आणि शर्टाची कॉलर सरळ करत सटकला. माझ्या अनुभवात निरपराध माणूस इतक्या लवकर कॉलर सरळ करत नाही.

ताईलाही विचारून पाहिलं. "तुझ्या डोळ्यांत कायम दावाच असतो," ती म्हणाली आणि विषय बदलला. ताई विषय बदलते तेव्हा हवामानावर जाते. त्या दिवशी ती थेट पुढच्या आठवड्याच्या हवामानावर गेली.

घाई मला वेगळ्याच कारणाने होती. मी घर बदलत होते. वरच्या मजल्यावरून दोन गल्ल्या पलीकडे, आणि सामानात आईचं लोखंडी कपाट होतं. आरशाचं, जुन्या पत्र्याचं, ज्याच्या नुसत्या दारात एका माणसाचं वजन आहे असलं. इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना अरुंद. भाऊजींनी परस्पर दिवसही ठरवून टाकला होता. "घरची टोळी असताना बाहेरचे लोक?" असं म्हणून मला गप्प केलं होतं.

कपाट हलवायच्या आदल्या रविवारी भाऊजी आणि पैलवान ट्रक गॅरेजमधून आणायला गेले. कॉम्प्युटर चालूच होता. मी सरळ भाऊजींच्या खुर्चीत बसले.

दावा तपासायची माझी पद्धत सोपी आहे. माणूस म्हणतो यंत्र बिघडलंय, तर आधी यंत्र बघायचं. मी त्यांचाच खेळ, त्यांच्याच साठवलेल्या जागेपासून सुरू केला. मुकादमाला गोळ्यांच्या तोंडी उभा केला, पट्टी भरू दिली. तो डगमगला. मी डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने दोन्ही बटणं दाबून धरली, उजव्या हाताने टिचकी मारली. मुकादम सावरला. पुन्हा केलं. सावरला. मुद्दाम किंचित उशीर केला, तरी सावरला. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, आणि माझ्या हातून तो एकदाही पळाला नाही.

खेळ लबाड नव्हता.

मी माझ्या डाव्या पंजाकडे बघत बसले. अंगठा इकडे, करंगळी तिकडे, मधे ताण देऊन पसरलेली बोटं. आणि मग एकेक गोष्ट आपापल्या जागी येऊन बसायला लागली. भाऊजी हल्ली दार खांद्याने ढकलतात. चहाचा कप, किल्ल्या, फोन, सगळं उजव्या हातात, आणि डावा खिशात. उजवी बाही सकाळी नीट बंद, पण एकदा सुटली की कडाक्याच्या थंडीतही दिवसभर सुटलेलीच. टेबलावर आपटला तोही उजवाच.

आत ताईची इस्त्री चालली होती.

"ताई," मी बसल्या जागेवरून विचारलं, "भाऊजींच्या उजव्या बाहीचं बटण कोण लावतं?"

इस्त्रीचा आवाज थांबला. उजव्या बाहीचं बटण डाव्या हाताने लावावं लागतं. माझ्या धंद्यात असल्या गोष्टी माहीत असाव्या लागतात.

"मी," ताई म्हणाली.

ती बाहेर येऊन दारात उभी राहिली. बोटं बधिर होतात, म्हणाली. आधी सकाळी व्हायची, आता दिवसभर. वस्तू धरलीय की सुटली ते त्यांना बघितल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातात. डॉक्टर म्हणेल काम सोडा, आणि काम सोडलं तर मी कोण, असं एकदाच म्हणाले, पुन्हा तो विषय नाही.

"आणि तू गप्प बसलीस?" माझा आवाज चढला. "ताई, कपाट उतरवताना वरचा माणूस पट्टा धरून मागे ओढत असतो. तो ब्रेक असतो. भाऊजी वर असतात. खाली पैलवान असतो. वरचा हात सुटला तर ते कपाट कुठे जाईल माहितीये ना?"

"मला शिकवू नकोस," ताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "माझा जीव रोज संध्याकाळपर्यंत टांगणीला असतो. पण त्यांनी मला बटण लावायला दिलंय ते विचारायचं नाही या अटीवर. मी विचारलं तर ते बटण लावायलाही देणार नाहीत."

मला ताईचा राग आला, भाऊजींचा आला, आणि टोळीच्या त्या शहाण्या रीतीचा तर सगळ्यात जास्त आला. भाऊजी आल्यावर मी सरळ विचारलं.

"हात दाखवा."

त्यांनी उजवा पुढे केला.

"दुसरा."

"हात दाखवून अवलक्षण कशाला," ते हसत म्हणाले आणि डावा खिशात घालून गॅलरीत निघून गेले. चष्म्याचं उत्तर मिळालं नव्हतं. पैलवान पुन्हा छताकडे बघत होता, आणि आता मला कळलं की हा गृहस्थही सगळं जाणून आहे. म्हणजे घरात आणि टोळीत सगळ्यांना माहीत होतं, फक्त ज्या बाईला संशयाचा पगार मिळतो ती शेवटी पोचली होती.

मी जिन्यात त्याला गाठलं. "तुम्ही तरी बोला ना."

"आमच्यात दुसऱ्याचा 'हं' म्हणत नाहीत," पैलवान म्हणाला.

"ते रीतीचं राहू द्या. तुम्ही खाली उभे असता!"

"असतो," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

निघताना ताई माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आली. "तू बोल," ती म्हणाली. "मला जमायचं नाही. तुला तर खेळानेसुद्धा संशयी ठरवलंय. तुझ्यावर चिडले तर वर्षभर बोलणार नाहीत. माझ्यावर चिडले तर मी कुठे जाऊ?"

कपाटाच्या दिवशी सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेच मला खटकत होतं. खोकी गेली, पलंग गेला, पुस्तकं गेली. जावयाने आरशावर जाड चादर बांधली. कपाटाच्या कमरेला आणि बुडाला पट्टे घातले. पैलवान खाली दोन पायऱ्यांवर पाय रोवून, पाठ लावून उभा राहिला. जावई बाजूला. ड्रायव्हर खालच्या वळणावर. भाऊजी वर, माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यांनी पट्टा उजव्या मनगटाला एक वेढा देऊन घेतला आणि दुसरं टोक डाव्या पंजात धरलं. धरलं म्हणजे काय, डाव्या पंजाकडे बघत, एकेक बोट उजव्या हाताने मिटवलं. एवढ्या जवळून ते मीच पाहू शकत होते.

"कसं?" भाऊजींनी विचारलं.

"हं," ड्रायव्हर.

"हं," जावई.

खालून, कपाटाच्या मागून, पैलवानाचा "हं". स्वच्छ, नेहमीसारखा. त्याचा चेहरा वरून दिसत नव्हता.

भाऊजींनी श्वास घेतला.

"तुमचं राहिलं, भाऊजी," मी म्हणाले.

इतक्या वर्षांत त्या टोळीत कोणी तो प्रश्न विचारलाच नव्हता. विचारणारा मुकादम, मुकादमाला कोण विचारणार? रीत इतकी चोख होती आणि ती करणाऱ्यानेच स्वतःला तिच्याबाहेर ठेवलं होतं.

"मेव्हणी, बाजूला हो," भाऊजी हळू आवाजात म्हणाले.

"होते. आधी 'हं' म्हणा."

"चेष्टा पुरे. लोक खोळंबलेत."

"कपाट माझ्या आईचं आहे आणि खाली माणूस उभा आहे. ज्याने हात लावलाय त्याने म्हणायचं, असं तुमचंच आहे ना? कसं, भाऊजी?" हा माणूस माझ्या लग्नात, माझ्या घटस्फोटात, आईच्या शेवटच्या आजारात माझ्या बाजूने उभा राहिला होता, आणि त्याच्याच माणसांसमोर मी त्याला उघडा पाडत होते. "म्हणा ना. एवढंच तर म्हणायचंय."

त्यांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेला राग आला. वाटलं, आता म्हणून टाकतील. साधा खोटा 'हं', एका अक्षराचं काम. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे 'हं' कानाने तोलणाऱ्या माणसाला स्वतःचा कसा येणार हे आधीच ऐकू आलं असावं. तोंड तसंच मिटलं.

त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं. मग उजव्या हाताने डाव्या पंजातलं एकेक बोट सोडवलं.

"नाही," भाऊजी म्हणाले. आणि मग, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, "माझं नाही."

ते वरच्या पायरीवर खाली बसले. जावयाने कपाटाला खांदा देऊन ते भिंतीला टेकवलं. पैलवान पट्ट्यातून बाहेर आला, वर चढला आणि त्यांच्या शेजारी बसला. त्याने कपाळ पुसलं.

"किती दिवस माहीत होतं तुला?" भाऊजींनी विचारलं.

"बरेच."

"आणि तरी खाली उभा राहायचास?"

"म्हणून तर राहायचो," पैलवान म्हणाला. "जावयाची पोरं लहान आहेत."

भाऊजींनी डोळ्यांवर हात घेतला. डावा. तो नीट बसेना, म्हणून पैलवानाने तोंड दुसरीकडे वळवलं. जावई कॉलर सरळ करत होता आणि कॉलर होती तशीच होती. मी बाजूला उभी राहून रडत होते, आणि मला वाटतं, कोणी माझ्यावर चिडलं असतं तर बरं झालं असतं.

कपाट त्या दिवशी तिथेच राहिलं. नंतर त्याची दारं काढून ते उतरवलं, वर जावई आणि एक नवा माणूस. भाऊजींच्या मानेत नस दबली होती. डॉक्टरने ओझं बंद केलं, बोलणं नाही. आता ते रिकाम्या हाताने जिन्याच्या वळणावर उभे राहतात आणि त्याच हळू आवाजात टोळी चालवतात. "कसं?" ते विचारतात, सगळे सांगतात, आणि शेवटी पैलवान विचारतो, "मुकादम, कसं?" ओझं नसलं तरी त्यांना उत्तर द्यावं लागतं. दोनदा त्यांच्या उत्तरावरून टोळी पाणी प्यायली, असं ऐकलं. माझ्याशी ते महिनाभर बोलले नाहीत. नंतर एकदा फोन आला, "रविवारी ये, तुझ्या शिपायाला आणखी एक दुर्गुण लागलाय."

हात बराचसा आलाय, सगळा येणार नाही. करंगळी अजून परक्याची असल्यासारखी वागते. खेळाबद्दलचं मत मात्र तसूभरही बदललेलं नाही. ताणाने खेळ बिघडला तो बिघडलाच, आणि पैलवान अजून म्हणतो, सुधारला. फक्त आता भाऊजींच्या डाव्या बाजूला स्टूल टाकून ताई बसते, मांडीवर बटणं लावायचे शर्ट. मुकादम डगमगला की ती सुईदोरा खाली ठेवून कीबोर्डची दोन बटणं दाबते. हटकून उशीर करते.

"दाब, दाब! गेला, गेला तो!"

"ओरडू नका. ओरडणारा घाबरलेला असतो, असं कोण म्हणायचं?"

मुकादम शत्रूच्या दिशेने पळत सुटतो. "लबाड आहे खेळ," भाऊजी म्हणतात, आणि आता घरात सगळे हसतात.

परवा ताईने बटणांवर बोटं ठेवली आणि दाबायच्या आधी, पडद्याकडे बघतच विचारलं, "कसं?"

भाऊजी जरा थांबले. "हं," म्हणाले.

मी कान देऊन ऐकला. किंचित उशिरा आला होता, शेवटी थोडा घोगरा. ताईनेही तो ऐकला असणार. तिने खेळ आहे तिथे थांबवला आणि पाणी आणायला उठली.